बोक्याला एकदा लघवीचा त्रास होऊन गेलाय. आता कायमचं कोणतं खाणं द्यावं?

चार वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. मागच्या महिन्यात लघवी तुंबून नळी घालावी लागली. घर इंदूरचं आणि पक्कं शाकाहारी, आणि दुकानदार म्हणतो, ‘युरिनरी लिखा है ना, कोई भी ले जाओ.’ एवढं तुम्ही कळवलंत. लघवीच्या तपासणीत काय निघालं ते मात्र लिहिलं नाहीत, आणि सगळं अडतं तिथेच.

मांजरांत मुख्यतः दोन जातींचे खडे होतात. स्ट्रुव्हाइट हे मॅग्नेशियम-फॉस्फेटचे. लघवी पातळ आणि थोडी आम्ल ठेवली की ते नुसत्या खाण्यावर काही आठवड्यांत विरघळू शकतात. दुसरे कॅल्शियम ऑक्झलेटचे. ते कोणत्याच खाण्याला दाद देत नाहीत, काढावेच लागतात, आणि लघवी गरजेपेक्षा आम्ल झाली तर हेच व्हायची भीती वाढते. शिवाय दहा वर्षांच्या आतल्या मांजरांत बहुतेक वेळा खडा नसतोच, मूत्राशयाला नुसती सूज असते आणि तिच्यामागे बऱ्याचदा ताण असतो. घरात रंगकाम निघालं, पाहुणे राहायला आले, दुसरं मांजर आणलं, एवढंही पुरतं. त्यामुळे दुकानदाराचं ‘कोई भी’ बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडून रिपोर्ट मागून घ्या.

आता माझं मत. पाकिटावर ‘युरिनरी’ लिहिलंय की नाही यापेक्षा पाकिटात पाणी किती आहे ते मी आधी बघते. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले. तहान कमी, पाणी शिकारीतूनच मिळायचं. सुक्या दाण्यांत पाणी जेमतेम १० टक्के असतं, पाऊचमधल्या ओल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के. चार किलोच्या बोक्याला दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं. ८० ग्रॅमच्या एका पाऊचमधून त्याला न मागता ६० मिली मिळतं. दिवसभराच्या दाण्यांतून मिळतं चमचाभर, बाकीचं त्याने वाटीतून प्यावं अशी आपली अपेक्षा, आणि तो ढिम्म. मग लघवी घट्ट होते आणि क्षार खाली बसतात.

शाकाहारी घराचं म्हणाल तर आमचंही तेच. रामबागेतलं जुनं घर, सासूबाईंचं सोवळं. बोक्याची वाटी, चमचा, पाऊच कापायची कात्री असं सगळं मागच्या गॅलरीत वेगळं ठेवलंय. पाऊचमध्ये दोन-तीन चमचे गरम पाणी घालून कालवते. वास सुटतो, तो धावत येतो आणि आधी वरचा रस चाटून घेतो. म्हणजे जास्तीचं पाणी आपोआप पोटात जातं. उरलेलं झाकणाच्या डब्यात, डबा पिशवीत आणि पिशवी फ्रिजच्या अगदी खालच्या कप्प्यात! एवढ्यावर सासूबाईंनी तह केला. पण दूध-पोळीवर तह करू नका. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, आणि धान्य-भाजीच्या खाण्याने लघवी अल्कली होते, जे स्ट्रुव्हाइटला हवंच असतं. मांसातून मिळणारं, मांजराला लागणारंच असं टॉरिन मिळत नाही, त्याने डोळे आणि हृदय बिघडतं, ते वेगळंच.

रॉयल कॅनिनचं ‘युरिनरी एस/ओ’, हिल्सचं ‘सी/डी’, फार्मिनाचं ‘व्हेट लाइफ स्ट्रुव्हाइट’ ही डॉक्टरांनी लिहून द्यायची खाणी. त्यांत क्षार आणि आम्लता मोजून ठेवलेली असते, म्हणून वरून लघवी आम्ल करणाऱ्या गोळ्या नकोत, आणि साधी ट्रीटही विचारूनच. किराणा-मॉलमधलं ‘युरिनरी केअर’ निरोगी मांजराला ठीक, पण तुमच्या बोक्याची पायरी त्यापुढे गेली आहे. क्रॅनबेरीचे चमत्कार वाचून पैसे घालवू नका.

सगळं पाऊचवर परवडत नसेल (मलाही नाही परवडत) तर सकाळी तेच औषधी दाणे पाण्यात भिजवून आणि रात्री पाऊच. भिजवलेलं मे महिन्यात तासाभरात उचलायचं, नाहीतर आंबतं. बदल आठ-दहा दिवसांत, जुन्यात नवं मिसळत करा. ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट मांजरापुढे धरू नये. दोन दिवस पोटात काही नाही गेलं तर यकृतात चरबी साठायला लागते, आणि जाड बोक्यात तर जास्तच.

बोअरच्या जड पाण्याचं विचारलंत. त्याची एवढी काळजी नको, प्यायलेलं पाणी कमी पडतं हा खरा त्रास. रुंद, उथळ भांडी दोन-तीन जागी ठेवा, लिटर ट्रेपासून, म्हणजे तो शी-शू करतो त्या वाळूच्या ट्रेपासून, लांब. आणि ट्रे साफ करताना लघवीने वाळूचे झालेले गोळे बघत जा. मोठे गोळे म्हणजे पाणी पोचतंय, सुपारीएवढे बरेच दिसले तर डॉक्टरांना फोन.

तो ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लिटर कोरडंच आहे, असं दिसलं तर कोणतं खाणं हा प्रश्न त्या दिवसापुरता संपला. तुंबलेली लघवी दिवस-दोन दिवसांत जिवावर बेतते, रक्तात पोटॅशियम चढून हृदय थांबतं. नळी घातलेल्या बोक्यात हे पुन्हा होऊ शकतं. इंदुरात रात्री कोणता दवाखाना उघडा असतो आणि महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किती वाजेपर्यंत बघतात, हे आजच फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.