‘ओरडायचं नाही, तर शिस्त लावायची कशी?’

“मॅडम, आता मुलांना हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही, उठाबशा काढायला लावायच्या नाहीत. मग शिस्त लावायची कशी?” शाळांतले क्रीडाशिक्षक, मैदानावरचे प्रशिक्षक, गेली काही वर्षं मला हेच विचारतात. विचारणारी बहुतेक माणसं मुलांसाठी जीव टाकणारी असतात, म्हणून हा प्रश्न मी कधी उडवून लावत नाही. त्यांच्यापैकीच एका सरांची ही गोष्ट. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सर तालुक्याच्या गावात खो-खो शिकवतात, जवळजवळ फुकट. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्यानंतर सरांच्या मैदानावर मुलांची रीघ लागली. एप्रिलच्या शिबिरात मात्र एक दहा वर्षांचा मुलगा चक्कर येऊन पडला. उशिरा आला म्हणून त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. ऊन चढलेलं, आणि फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत पाणी मिळणार नव्हतं. मुलगा तासाभरात सावरला. सर मात्र तीन रात्री झोपले नाहीत. शेवटी त्यांच्या पत्नीनं त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी आणलं.

“आम्हाला असंच शिकवलं, मॅडम. खेळताना पाणी प्यायलं की पोटात दुखतं.”

पहिल्या भेटीत मी सहसा वाद घालत नाही, पण पाण्याच्या बाबतीत लगेच बोलले. खेळाच्या भरात मुलांना तहानेचं भान राहत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी मोठ्या माणसानंच खेळ थांबवून घोट-घोट पाणी प्यायला लावायचं. यात मला कसलीही तडजोड चालत नाही.

दुसऱ्या भेटीला ते हजेरीची वही घेऊन आले. आपली शिस्त किती चोख आहे ते त्यांना दाखवायचं होतं. बेचाळीस नावं होती, त्यातल्या सोळांवर लाल रेघ.

“ही मुलं कुठे गेली, सर?”

“गेली. टिकली नाहीत.”

“पण कुठे?”

त्यांनी वही मिटली.

माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची आहे. आपण भडकतो ते समोरच्या प्रसंगापेक्षा आपल्या मनातल्या हट्टामुळे, असं मी मानते. मराठीत तर हा हट्ट एका अक्षरात पकडता येतो. ओरडण्याच्या आधीच्या क्षणी मनात काय येतं, ते आठवडाभर लिहून आणायला मी सरांना सांगितलं. त्यांनी प्रामाणिकपणे लिहून आणलं : ‘एकदा सांगितलं की कळलंच पाहिजे. सगळ्यांनी ऐकलंच पाहिजे. मैदानावर बेशिस्त चालणारच नाही.’ मी तिन्ही ‘च’ना गोल केले.

“हे ‘च’ काढले तर ढिलाई येईल, मॅडम.”

“‘कळावं’ असं वाटणारा माणूस पुन्हा समजावून सांगतो, सर. ‘कळलंच पाहिजे’ म्हणणारा ओरडतो.”

त्यांनी मान डोलावली. पण डोलावलेली मान मी पुष्कळ पाहिली आहे. पटल्याचं ते लक्षण नव्हतं.

चौथ्या भेटीत मी सहज विचारलं, “ज्याच्यावर तुम्ही कधीच ओरडत नाही, असं कुणी मूल आहे का?”

“आहे ना!” क्षणाचाही विचार न करता ते म्हणाले. बारा वर्षांची एक मुलगी. तिला ऐकू फार कमी येतं. घाम आणि धुळीमुळे कानातलं मशीन ती खेळताना काढून ठेवते. “तिच्यावर ओरडून काय उपयोग?”

“मग तिला सांगता कसं?”

सर खुर्चीतून उठले. मधला टीपॉय त्यांनी बाजूला सरकवला आणि माझ्या खोलीतल्या फरशीवर उकिडवे बसले. “आधी असा तिच्यासमोर येतो. ती माझ्याकडे बघतेय ना, ते पाहतो. मग दाखवतो. हाताचे पंजे असे जमिनीला. टाचा उचललेल्या. खो मिळाला की आधी मागचा पाय रेटायचा. मग तिला करायला लावतो. चुकली की परत दाखवतो. दहा वेळा दाखवतो.”

ते तिथंच थांबले. पंजे अजून फरशीलाच टेकलेले होते.

“मॅडम… म्हणजे मी शिकवतो ते तिला एकटीलाच. बाकीच्यांवर नुसता ओरडतो.”

मी काहीच बोलले नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. हेच वाक्य मी त्यांना सुनावलं असतं, तर त्यांनी दहा सबबी सांगितल्या असत्या. ते त्यांचं त्यांना सापडलं आणि म्हणून टिकलं. समोरच्याच्या हाती उत्तर कुठेतरी आधीपासूनच असतं, ते कुठे आहे एवढं विचारायचं, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. त्या दिवशी त्यावर माझा विश्वास आणखी घट्ट झाला. त्या मुलीपुढे त्यांचं ओरडण्याचं हत्यार चाललं नाही, तेव्हा त्यांच्यातला खरा शिक्षक पुढे आला होता. आणि जी शिस्त हातची जाईल म्हणून ते घाबरत होते, ती तिथंच होती. तिचं लक्ष त्यांच्याकडे आणि त्यांचं तिच्याकडे.

पण त्या मुलीचंही सगळं आलबेल नव्हतं. गल्लीतल्या खेळात आपण लहानग्याला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घेतो. तो खेळतो, पण बाद धरला जात नाही. चार वर्षांच्या पोराला त्यात मानच वाटतो. बाराव्या वर्षी मात्र तो अपमान असतो. सर तिला खांबाजवळच्या शेवटच्या चौकोनात बसवायचे आणि तिला कुणी खो देतच नसे. खो देताना पाठीला स्पर्श आणि तोंडानं ‘खो’, दोन्ही लागतं. मुलं निसटता हात लावून ओरडत पुढे जायची. हिला ना कळायचं, ना ऐकू यायचं. अख्खा डाव ती बसून असायची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं शाळेत तिला खेळाची समान संधी दिली आहे. पण कायदा तिला चौकोनापर्यंत आणतो, खो शेजारच्या मुलीनंच द्यावा लागतो.

सरांनी नियम केला, सगळ्यांनी पूर्ण पंजा पाठीवर टेकवूनच खो द्यायचा. महिन्याभरानं तेच सांगत आले की, आवाजाच्या अंदाजानं आधीच उठण्याचे फाऊल सगळ्याच मुलांचे कमी झालेत.

फेऱ्यांची शिक्षाही बंद झाली. धावण्याच्या खेळात धावणं हीच शिक्षा केली, तर मुलाला धावणं आवडेल कसं? दोन कप्तानांनी एकेक गडी मागून घ्यायची पद्धतही मी त्यांना सोडायला लावली. शेवटी उरणारं मूल रोज तेच असतं. वाढीच्या वयात गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखतं तेव्हा ते नाटक समजू नये. विश्रांती द्यावी, मूल लंगडत असेल तर डॉक्टरांकडे पाठवावं. खेळ शिकवताना स्पर्श करावा लागतोच, पण आधी विचारून आणि सगळ्यांसमोर. सामानाच्या खोलीत एकट्या मुलाला बोलवू नये आणि मुलांना परस्पर मेसेज न करता पालकांच्या ग्रुपवरच लिहावं. यात सरांवर अविश्वास नाही. मुलांइतकंच सरांचंही यानं रक्षण होतं.

पालकांची भीती वेगळी असते : “सरांना बोललो तर पोराला बाहेर बसवतील.” सराव संपल्यावर भेटा आणि डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट सांगा. ‘तुम्ही फार ओरडता’ म्हटलं की भांडण होतं. ‘काल त्याची पाण्याची बाटली भरलेलीच घरी आली’ म्हटलं की बोलणं सुरू होतं. मारहाण किंवा नको तिथे स्पर्श असेल, तर मात्र ही समजूतदारी ठेवू नका. शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या लैंगिक छळाची माहिती असलेल्या प्रत्येकानं ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक केलं आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मोफत आहे.

शेवटच्या भेटीला सरांनी पुन्हा ती हजेरीची वही आणली. त्यांनी सोळाही घरी फोन केले होते. चार मुलं परत आली. बाकीच्या लाल रेघांपुढे त्यांनी निळ्या पेनानं लिहिलं होतं : ‘क्रिकेट’. ‘आत्याकडे, कराडला’. ‘क्लास’. आणि एका नावापुढे : ‘मला घाबरून. रविवारी घरी जाणार आहे.’