पोर्तुगीज शिकताना देशवाचक प्रत्यय कसे हाताळावेत

नव्याने पोर्तुगीज शिकणाऱ्यांना माझा सल्ला असा, की देशवाचक शब्दांची, म्हणजे माणूस कोणत्या देशाचा वा प्रदेशाचा ते सांगणाऱ्या शब्दांची, लांबलचक यादी घोकण्याऐवजी प्रत्ययांचे गट ओळखावेत आणि प्रत्येक शब्द स्त्रीलिंगी व अनेकवचनी रूपासह पाठ करावा. (येथील उच्चार लिस्बनच्या वळणाचे आहेत.)

सर्वांत उपयोगी गट ‘एश’चा आहे: पुर्तुगेश, फ्रांसेश, गोएश. स्त्रीलिंगात पुर्तुगेझा, गोएझा आणि पुल्लिंगी अनेकवचनात पुर्तुगेझिश अशी रूपे होतात. लिहिताना मूळ शब्दातील ‘ए’वरचे टोपीसारखे चिन्ह या रूपांत गळते, पण नवशिक्यांच्या लेखनात नेमके ते चुकून तसेच राहते. भाषेचे नाव म्हणून पुल्लिंगी एकवचनच वापरतात, आणि वाक्याच्या मध्ये त्याचे पहिले अक्षर लहान असते. इंग्रजीच्या सवयीने ते मोठे लिहू नये.

‘आनु’ प्रत्यय आंगोलानु, मुसांबिकानु, इंदियानु यांत, तर ‘एन्स’ तिमोरेन्समध्ये दिसतो. मात्र कोणत्या देशाला कोणता प्रत्यय लागेल हे नियमाने ठरत नाही. कॅनडाच्या माणसाला पोर्तुगालमध्ये कानादियानु म्हणतात आणि ब्राझीलमध्ये कानादेन्सी (‘एन्स’चाच तिथला उच्चार), त्यामुळे कोणत्या देशाची भाषा शिकायची ते आधी ठरवावे.

ब्राझिलेइरु हा शब्द स्वतंत्रपणे लक्षात ठेवावा, कारण ‘एइरु’ हा मुळात व्यवसायदर्शक प्रत्यय असून गोव्यातील ‘पोदेर’ ज्यावरून आला त्या पादेइरु, म्हणजे पाववाला, या शब्दातही तोच आहे. आलेमांव, म्हणजे जर्मन, याचे स्त्रीलिंग आलेमां आणि अनेकवचन आलेमांइश होते. ते सरळ पाठच करावे.