स्टॉकफिशचा वेग आणि १,८०,००० रुपयांचा संगणक

प्रश्न : मी नाशिकमध्ये बुद्धिबळाचे वर्ग घेतो. महिन्याचे उत्पन्न सरासरी ४५,००० रुपये, घरखर्च ३२,००० आणि बँकेतील शिल्लक १,१०,००० रुपये आहे. माझ्या चार कोअरच्या (प्रोसेसरमधील गणना करणाऱ्या भागांच्या) लॅपटॉपवर स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्राम सेकंदाला ४० लाख नोड, म्हणजे पटावरच्या स्थिती, तपासतो. सोळा कोअरच्या १,८०,००० रुपयांच्या डेस्कटॉपवर हा आकडा २ कोटी २० लाख आहे, तर आठ कोअरच्या ९०,००० रुपयांच्या डेस्कटॉपवर १ कोटी २० लाख. महागडा संगणक १६ टक्के व्याजाने दोन वर्षांच्या कर्जावर घ्यावा का?

उत्तर : माझ्या मते घेऊ नये.

आधी हे आकडे तुलनेला योग्य आहेत का, ते पाहावे. २०२० मध्ये स्टॉकफिशच्या बाराव्या आवृत्तीत स्थितीचे मूल्यमापन करणारे न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकलेली गणनपद्धती) आले, तेव्हा नोडची संख्या घटली आणि खेळ मात्र बळकट झाला. म्हणून निरनिराळ्या आवृत्त्यांचे आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही. तिन्ही यंत्रांवर एकच आवृत्ती आणि हॅशसाठी (आधी तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवण्यासाठी) तेवढीच मेमरी ठेवून, यंत्राला पेलतील तेवढे थ्रेड (एकाच वेळी चालणारे शोध) देऊन चाचणी घ्यावी, आणि ती निदान अर्धा तास चालू द्यावी, कारण तापलेला प्रोसेसर, विशेषतः लॅपटॉपमधला, आपला वेग स्वतःच कमी करतो.

आता किंमत. सेकंदाला दर १० लाख नोडमागे स्वस्त डेस्कटॉप ७,५०० रुपयांना पडतो, महागडा सुमारे ८,२०० रुपयांना; आणि वरचे ९०,००० रुपये मोजून मिळणारा जादा वेग ९,००० रुपयांच्या दराने. शिवाय नोड दुप्पट झाले म्हणून विश्लेषण दुप्पट खोल जात नाही, कारण प्रत्येक पुढच्या चालीगणिक तपासायच्या स्थिती पटींनी वाढत जातात; त्यात अनेक कोअर एकत्र शोध घेताना काही काम पुन्हापुन्हा होते. साध्या फोनवरचे स्टॉकफिशही आज जगज्जेत्याला हरवू शकते, तेव्हा शाळकरी विद्यार्थ्याची चूक दाखवायला आपला लॅपटॉप पुरेसा आहे. वेगाचा खरा उपयोग ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या) शेकडो स्थिती रात्रभर तपासून घेण्यात आहे, आणि तसे काम आपल्याकडे किती वेळा येते, हे आपणच प्रामाणिकपणे ठरवावे.

कर्जाचा हप्ता सुमारे ८,८१४ रुपये होईल आणि दोन वर्षांत व्याजापोटी ३१,५०० रुपयांच्या आसपास जातील. आपल्या १३,००० रुपयांच्या मासिक शिलकीतून हप्ता निघतो खरा, पण परीक्षांच्या काळात वर्ग ओस पडले की त्याची झळ थेट घरखर्चाला बसेल. वेगवान यंत्रामुळे शुल्क वाढवता येईल किंवा नवे विद्यार्थी मिळतील, असे आपण कोठेही लिहिलेले नाही. माझ्या दृष्टीने ही उणीव व्याजदरापेक्षा मोठी आहे.

बँकेतील रक्कम जेमतेम साडेतीन महिन्यांच्या खर्चाची आहे, तिला हात लावू नये. दरमहा उरणारे १३,००० रुपये बाजूला टाकत गेल्यास सात महिन्यांत ९१,००० रुपये जमतात. तेव्हा आठ कोअरचा डेस्कटॉप रोखीने घ्यावा. तोपर्यंत एखाद्या स्पर्धेच्या तयारीसाठी वेग लागलाच, तर क्लाउडवरचा संगणक तासाच्या भाड्याने घेता येतो. व्यवसायाचे रीतसर हिशेब ठेवत असल्यास संगणकावर ४० टक्के दराने घसारा (वस्तूच्या घटत्या किमतीपोटी करपात्र उत्पन्नातून वजावट) मिळतो. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत (जमेच्या ठरावीक टक्क्यांना उत्पन्न मानून) विवरणपत्र भरत असल्यास तो वेगळा मागता येत नाही, त्यामुळे करबचतीच्या आशेने खरेदीची घाई करू नये.