एक पेग म्हणजे नक्की किती?

"मॅडम, थोडी घेतली तर हृदयाला चांगलीच असते ना?" असं म्हणत समोरच्या गृहस्थांनी पाकिटातून वर्तमानपत्राचं जुनं कात्रण काढलं. घड्यांवर विरलेलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय ५६. रोज जेवणाआधी एक पेग व्हिस्की. रक्ततपासणीत एचएस-सीआरपी (सीआरपी नावाच्या प्रथिनाचं प्रमाण) ३.६ आलेलं. शरीरातला दाह दाखवणारा हा आकडा ३ च्या वर गेला की हृदयविकाराचा धोका जास्त धरतात. बायको धास्तावलेली, आणि हे विचारत होते, "व्हिस्की सोडून रेड वाइन घेऊ का?"

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकारानं कमी दगावतात, ते वाइनमुळे, ही कल्पना १९९१-९२ च्या सुमारास जगभर पसरली. पुढे मोजकं पिणाऱ्यांचं सीआरपी न पिणाऱ्यांपेक्षा कमी असल्याचंही काही पाहण्यांत दिसलं. पण न पिणाऱ्यांत आजारपणामुळे सोडलेलेही होते, आणि मोजकं पिणारे बरेचदा खाऊनपिऊन सुखी, चालणारे-फिरणारे. मग गुण वाइनचा म्हणायचा की राहणीचा? ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात तर दक्षिण आशियाई लोकांना, म्हणजे आपल्याला, दारूचा असा फायदा दिसलाच नाही. दारूनं रक्तदाब वाढतो, कर्करोगाचा धोकाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, सुरक्षित असं प्रमाण नाही. त्यामुळे हृदयासाठी म्हणून वाइन सुरू करा, असं मी कुणालाच सांगणार नाही.

पुढच्या भेटीला मी त्यांना घरचा ग्लास आणायला सांगितला. त्यात रोजच्या अंदाजानं पाणी ओतायला लावलं आणि ते खोकल्याच्या औषधाच्या मापानं मोजलं. दहा, वीस... नव्वद मिली भरलं. ते बघतच राहिले. नव्वद मिली व्हिस्कीत सुमारे ३० ग्रॅम अल्कोहोल असतं. बऱ्याच देशांत एक ड्रिंक १० ग्रॅमचं धरतात, म्हणजे यांचा 'एक' पेग तिनाच्या बरोबरीचा.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी अटॅकनं गेले. मला दोन वर्षं उरलीत." बायकोनं चमकून पाहिलं, तिला हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. ते कात्रण पाकिटात का जपलं होतं, ते मला तेव्हा कळलं. त्यानंतरची दोन सत्रं आम्ही दारूवर बोललोच नाही, वडिलांवर बोललो.

सोडायचं ठरलं ते डॉक्टरांना विचारूनच. रोज भरपूर पिणाऱ्यानं, सकाळी हात थरथरत असतील तर त्यानं तर नक्कीच, एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते. यांना तसा त्रास नव्हता, तरी पहिले दहा-बारा दिवस झोप उडाली. आठ वाजले की हात ग्लासकडे जायचा. त्या वेळी दोघं फिरायला बाहेर पडू लागले.

सीआरपी हिरड्या सुजल्या तरी वाढतं, पोटावरच्या चरबीनंही. यांच्या हिरड्या सुजलेल्याच निघाल्या, उपचार झाले. तीन महिन्यांनी आकडा २.१ आला. एवढं सगळं एकदम बदलल्यावर त्याचं श्रेय एकट्या दारू सोडण्याला देता येणार नाही, हे मी त्यांनाही सांगितलं. रक्तदाब मात्र उतरलाय, झोप लागतेय.

इतकी वर्षं टाळलेली स्ट्रेस टेस्ट (शरीराला श्रम देऊन हृदय तपासतात ती) येत्या गुरुवारी आहे. वेळ त्यांनी स्वतः फोन करून घेतली.