अ‍ॅप उघडायचं कधी? मन शांत असताना

प्रश्न : लहानपणी घरात खूप मारहाण सोसली. आता वय ३६, मिस्टर समंजस आहेत. तरी त्यांचा आवाज जरा चढला की माझे हातपाय गार पडतात, शब्द फुटत नाही. मग दोन दिवस अबोला, नाहीतर मुलांवर राग निघतो. अमेरिकेतल्या भावाने 'स्टेअर कोच' हे अ‍ॅप फोनवर घालून दिलं. भांडण झालं की उघडते, पण गुण येत नाही. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अ‍ॅप योग्य आहे, वेळ चुकतेय. हे अ‍ॅप अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाच्या पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) केंद्राचं. त्यामागची 'स्टेअर' ही उपचारपद्धत मानसशास्त्रज्ञ मेरिलीन क्लोएत्र यांची, आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला तिचा अभ्यास बालपणी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवरच होता. म्हणजे तुमच्या त्रासासाठीच ती घडली आहे. पण तिच्यात भावना आणि नाती सांभाळायची कौशल्यं शिकायची असतात. ऐन भांडणात शरीर धोक्याच्या पवित्र्यात असतं. तेव्हा नवं काही शिकता येत नाही, आधी अंगवळणी पडलेलंच हाताशी येतं.

म्हणून श्वासाचा सराव सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, काहीही बिनसलेलं नसताना करा. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. छाती भरभरून घेऊ नका. जोरजोरात श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, आणि तीच घबराट वाटते. डोळे मिटल्यावर जुनं दिसत असेल तर उघडे ठेवा, तळपाय फरशीवर टेका. श्वासाकडे लक्ष देणंच नकोसं झालं तर गार पाण्याचा स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरा आणि त्याचा गारवा, जडपणा, कड यांकडे लक्ष द्या.

भावनांची नोंद त्याच दिवशी करा, पण अंथरुणात पडल्यावर नको; तिथे नोंद राहते बाजूला आणि उगाळणं सुरू होतं. काय घडलं, अंगात काय झालं, मनात कोणतं वाक्य आलं, मी काय केलं आणि तीव्रता दहापैकी किती, एवढं पुरे. 'वाईट वाटलं' लिहून थांबू नका. भीती, लाज, राग, अपमान यांतलं नेमकं काय?

आठवडाभराच्या नोंदी वाचल्या की बहुधा एकच 'जर-तर' सापडतं. 'मी तोंड उघडलं, तर मार बसेल.' लहानपणी ते खरं होतं, त्यानेच तुम्हाला वाचवलं; त्याची लाज बाळगू नका. आज ते खरं आहे का, हे नुसतं मनाला समजावून कळत नाही, करून पाहावं लागतं. इथेच बहुतेकांचं फसतं, कारण सुरुवातीलाच सासर किंवा पैसा असा मोठा विषय काढला जातो. क्षुल्लक निवडा : 'आज मामांकडे नको जाऊया, मी दमलेय.' त्यावर मिस्टर काय बोलले ते शब्दशः लिहा आणि जुन्या वाक्याशेजारी ठेवा. असे पाच-सहा प्रसंग जमले की मग अवघड विषय, तोही दोघं निवांत असताना, तीन छोट्या वाक्यांत : 'काल मुलांसमोर तुम्ही मोठ्याने बोललात. मी घाबरले. पुढच्या वेळी आत जाऊन बोलूया.' 'तुम्ही नेहमीच' आलं की समोरचा बचावाला उभा राहतो. आधी माफी मागायचीही गरज नाही.

आता मुलांविषयी : ओरडलात तर त्याच दिवशी 'चूक माझी होती, तुझी नाही' एवढं सांगा. मुलांसाठी हे फार मोलाचं आहे.

प्रश्न : मग समुपदेशकाकडे जायलाच नको का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जायला हवं. अ‍ॅप सराव करून घेतं. आघाताच्या आठवणींवरचं काम प्रशिक्षित माणसासोबतच करावं. शिवाय अ‍ॅप इंग्रजीत आहे. वाचताना अडखळत असाल तर हेच सगळं शंभर पानी वहीत करा. फोन घरात सगळ्यांच्या हाती असेल तर वहीसुद्धा कुलपात ठेवा. जीव नकोसा वाटत असेल तर 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. आणि घरात आजही मारहाण होत असेल तर वरची तीन वाक्यं वापरू नका, त्याने धोका वाढू शकतो. तिथे आधी सुरक्षितता : महिलांसाठी १८१, तातडीला ११२.