नदीखोऱ्याच्या जलव्यवस्थापनात स्थानिक संस्थांना स्थान का द्यावे?

प्रादेशिक पातळीवर स्वतंत्र प्राधिकरण असताना नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांना त्यात स्थान देण्याची गरज काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती निश्चितच आहे, कारण नदीला मिळणारे घरगुती सांडपाणी ज्या वाहिन्यांतून येते, त्या बहुतेक ठिकाणी स्थानिक संस्थांच्याच ताब्यात असतात. खरी अडचण अशी की, वरच्या अंगाच्या गावाने शुद्धीकरणावर खर्च केला, तरी त्याचा लाभ मुख्यतः खालच्या अंगाच्या गावांना मिळतो. त्यामुळे खर्चाची वाटणी खोऱ्याच्या पातळीवरच ठरवावी लागते.

जर्मनीतील एम्शर नदीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तेथे १८९९ मध्ये नगरपालिका, कोळसा खाणी आणि उद्योग यांची सामाईक संस्था स्थापन झाली व सदस्यांच्या वर्गणीतून तिचा खर्च भागू लागला. खाणकामामुळे जमीन खचत असल्याने भूमिगत वाहिन्या टाकता येत नव्हत्या आणि नदी अनेक दशके उघड्या गटारासारखी वाहिली, हे खरे. परंतु जमीन खचणे थांबल्यावर त्याच संस्थेने १९९० च्या दशकात पुनरुज्जीवन हाती घेतले आणि २०२१ च्या अखेरीस नदी सांडपाण्यापासून मुक्त झाली. फ्रान्समध्येही १९६४ च्या कायद्याने खोरेनिहाय समित्या निर्माण केल्या असून त्यांत स्थानिक लोकप्रतिनिधी असतात.

मात्र केवळ बैठकीचे निमंत्रण म्हणजे सहभाग नव्हे. पाणी तपासणीचे निकाल, निधी आणि मताचा अधिकार या तिन्ही गोष्टी स्थानिक संस्थांना मिळायला हव्यात, आणि लहान गावांना तांत्रिक मनुष्यबळ खोऱ्याच्या संस्थेने पुरवायला हवे.