साउंड इफेक्ट्सच्या फाइल्स हजारांनी झाल्यात, कोणत्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लावू?

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी सांगा, कोणता आवाज कशाचा हे तुम्ही कुठे लिहून राहिले, फाइलमध्ये की नुसतं डेटाबेसमध्ये? याच गोष्टीवरून माझी पार्टनरशिप तुटली.

नागपूरला धंतोलीत आमचा दोघांचा छोटा स्टुडिओ होता. मी रेकॉर्डिंगवाला, तो कॉम्प्युटरवाला. त्याने मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेसमध्ये डेटाबेस बनवला, फॉर्म, ड्रॉपडाऊन, सगळं झकास, पण फाइलींची नावं रेकॉर्डरने दिली तीच, झूम००४७, झूम००४८. मी म्हटलं नावं बदलवू, तर म्हणे "डेटाबेस हाय ना बे, नाव कायले पाहिजे?" बरं. तीन वर्षं मी आवाज गोळा केले, मे महिन्यातला कूलर (पंप कोरडा पडला की घरघरतो तो, ताट्यांवर पाणी टपकते तो वेगळा), इतवारीत मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत चेंगरून घेतलेलं "घेऊन जा गे मारबत", सगळं. मग एक दिवस त्याचा कॉम्प्युटर बसला, डेटाबेस त्याच्यातच, बॅकअप नाही. आवाज बाहेरच्या डिस्कवर शाबूत, पण कोणता कशाचा, देव जाणे. त्याच रात्री एका शॉर्ट फिल्मवाल्याला कूलर पाहिजे होता. पहाटेपर्यंत एकेक फाइल ऐकली, मारबत तीनदा सापडली, कूलर नाही. शेवटी माळ्यावरून घरचा कूलर काढून चालवला, जानेवारीत, बायको रजई घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

म्हणून सांगतो, माहिती वेव्ह फाइलच्या पोटातच गेली पाहिजे, बेक्स्ट आणि आयएक्सएमएल या माहितीच्या दोन कप्प्यांमध्ये. डेटाबेस उडाला तर फोल्डर परत स्कॅन करायचं, झालं. बेक्स्टमधलं वर्णन २५६ अक्षरांचं आणि ॲस्कीत, म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं-आकडे, तिथे देवनागरी टाकाल तर कचरा दिसेल, मराठी आयएक्सएमएलमध्ये टाका. रोमनमध्ये लिहित असाल तर 'पाऊस'चं एकच स्पेलिंग ठरवा, आमच्याकडे चार होती, तीन त्याची. नावांसाठी यूसीएस (युनिव्हर्सल कॅटेगरी सिस्टीम, आवाजांच्या वर्गांची ठरलेली यादी) वापरा, २०२० पासून फुकट आहे, ८२ मुख्य वर्ग आहेत, आधी वर्गाचा कोड, मग आवाजाचं नाव, मग रेकॉर्ड करणाऱ्याचा आणि सोर्सचा कोड, मधे अंडरस्कोर.

सॉफ्टवेअर म्हणाल तर साउंडमायनर, बेसहेड, साउंडली, परवडेल ते. रीपर (रेकॉर्डिंग-एडिटिंगचं सॉफ्टवेअर) असेल तर त्याच्या मीडिया एक्सप्लोररमध्येही डेटाबेस बनतो, सुरुवातीला तेवढं पुरते. तुमच्या चार-पाचशेच फाइली असत्या तर म्हटलं असतं फोल्डरच नीट लावा. आणि हो, मेटाडेटा, म्हणजे ही सगळी माहिती, मूळ फाइलवरच लिहिल्या जाते, तेव्हा आधी एक कॉपी बाजूला ठेवा, हे मी वर सांगायला पाहिजे होतं.

तो अजून लोकांना सांगतो की माझी डिस्क खराब होती म्हणून सगळं गेलं. डिस्क माझ्या टेबलावर आहे, आत्ताही चालू आहे.